मोठ्या वाडग्याचे बारा तुकडे

अहो,

मी ताईकडे चाललेय, उद्या संध्याकाळी येईन. भाजी फ्रिजमध्ये आहे, गरम करून घ्या.

जेवणाच्या टेबलावर लाकडाची दोन षटकोनी कडी चिकटवून ठेवलीत. गम वाळेपर्यंत हात लावू नका. खरं तर कातून मोठा वाडगा करण्यासाठी बारा तुकड्यांचं एकच मोठं कडं करायचं होतं. तुकडे किती अंशांत तिरके कापू, असं परवा विचारलं, तर मोबाइलमधून मान वर न करता तुम्ही म्हणालात, "तीनशे साठ भागिले बारा, तीस." भागाकार बरोबरच होता. पण तुकड्याला टोकं दोन असतात, तीस दोन्हींत वाटून पंधरा-पंधरा कापायचे होते. टोकांचं तुम्ही विचारलं नाहीत आणि मीही तिसावर करवत लावून मोकळी झाले. जोडायला बसले, तर सहा तुकड्यांतच कडं बंद झालं. उरलेल्या सहांचं दुसरं केलं.

आता दोन लहान वाडगे होतील. मोठा टेबलाच्या मधोमध ठेवणार होते, दोघांना हात पोचेल असा. असू दे. जेवतो आपण आपापल्या वेळी, लहानच कामाला येतील.