उशाशी ठेवलेला फोन

९ मार्च, दुपारची सुट्टी

प्रिय दादा,

सा. न. मी मजेत आहे. वहिनीचा खोकला थांबला का? आईला सांग, स्वेटर पोचला. बाह्या हातभर लांब झाल्यात, पण आत हात लपवून वर्गात बसायला बरं पडतं.

कागदावरचं पत्र बघून घाबरू नकोस. फोनवर लिहिलं की मी पुसून टाकते. आठ महिन्यांत तुला लिहिलेले किती मेसेज पुसले त्याला गणती नाही. शेवटी तुझ्यापर्यंत पोचतं काय, तर ‘जेवलास का’.

तर बातमी अशी, की गेल्या महिन्यात मी प्रयोगशाळेत उभ्या उभ्या झोपले. काचेची नळी फुटली, हात शाबूत आहे. सरांनी ओरडायचं सोडून मला विद्यापीठाच्या डॉक्टरीणबाईंकडे धाडलं. त्यांनी एक तक्ता दिला. कधी झोपलात, कधी उठलात, फोन किती वेळ बघितलात, सगळं चौदा दिवस भरायचं. माझ्या खोलीतली मैत्रीण म्हणजे कुंभकर्णाची धाकटी बहीण. ती म्हणाली, “अगं, ठोक की सात-सात तास, कोण बघतंय!” मी खरं लिहिलं. रोजची झोप तीन तास, कधी साडेतीन.

डॉक्टरीणबाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. “एवढं काय बघतेस गं त्या फोनमध्ये? सिनेमे? की कुणी मित्रबित्र?”

“काहीच नाही,” मी म्हटलं. “रेंज आहे का बघते. आवाज चालू आहे का बघते. मग ठेवते. मग परत बघते.”

त्यांनी फक्त विचारलं, “घरी कोण कोण असतं?” आणि मी भोकाड पसरलं.

दादा, बाबा गेले त्या रात्री, दुसऱ्या दिवशी परीक्षा म्हणून मी फोन बंद करून कपाटात ठेवला होता. मी गाढ झोपले होते. सकाळी बघते तर तुझे एकोणीस कॉल. मी घरी पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं, आणि दारातच तू म्हणालास, “झोपा काढत होतीस?” तुझं डोकं ठिकाणावर नव्हतं, हे मला कळतं. तरी राग आला होता. अजून थोडा आहे.

डॉक्टरीणबाई म्हणतात, फोन खोलीबाहेर ठेव. मला जमत नाही. आईला काही झालं तर? म्हणून एक तोड काढलीय. वसतिगृहाच्या कचेरीत तारेचा जुना फोन आहे आणि तिथे चोवीस तास माणूस असतं. तिथल्या मावशी म्हणाल्या, “तुझ्यासाठी फोन आला तर दार बडवून उठवीन, मग तर झालं?” नंबर मागच्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलाय.

आता एक कर. येत्या रविवारी दुपारी, घरी सगळं ठीक असताना, त्या नंबरावर मला फोन कर. मावशी हाक मारतील, मी जिना उतरून येईन. मग बोलू, नाहीतर भांडू. तू बोलावलंस की मी येऊ शकते, एवढं मला एकदा बघायचंय. त्या रात्री मी फोन बंद करून झोपेन.

तुझी, अजून मानत असशील तर,
धाकटी