म्हसोबाजवळची तूर

परभणी, पौष शुद्ध पंचमी

तीर्थरूप आत्याबाईंना सून वत्सलाचा डोईवर पदर घेऊन नमस्कार.

मनकर्णा बाळंतीण सुखरूप आहे. पोरीचं नाक थेट तुमचं! तुमच्या लेकाला आलं नाही, नातीला आलं नाही, पणतीला बरोबर आलं. तुमच्या गुडघ्याला तेल कोण लावतं?

काल जावयांनी विद्यापीठाचं तुरीचं वावर दाखवलं. निम्मं वाळलेलं. मी म्हणाले, "सरकारी रान असून ही दशा?" ते हसले. "मामी, उभं झाड वाळवणारा मर रोग या मातीत आम्हीच मुद्दाम जपलाय. यात जे झाड तगतं, त्याचंच बी धरायचं आणि टपोऱ्या तुरीशी त्याचा संकर करायचा. तगायचा गुण बियातच असतो, आजींच्या नाकासारखा. मधेच लपतो, नातवंडा-पतवंडांत निघतो." एका वाणापायी दहा-दहा वर्षं घालवतात ही माणसं! मी वावरालाच हात जोडले.

मग लख्ख आठवलं. आपली तूर दुष्काळानं वाळली असं आपण म्हणत होतो. पण म्हसोबाजवळची सात झाडं त्याच मातीत, तेवढ्याच पाण्यावर हिरवी राहिली. म्हणजे तूर मर रोगानंच गेली, आणि ही सात त्याला पुरून उरली. दाणा लई बारीक, म्हणून ती तूर मी गाडग्यात नैवेद्याच्या वरणाला ठेवली, आणि पेरायला पुन्हा सोसायटीचं टपोरं बी आणायचं ठरवलं.

आत्याबाई, पौर्णिमेला वरण डब्यातल्या डाळीचं करा. गाडग्याला हात लावू नका. म्हसोबाचं म्हसोबालाच देऊ, पण त्याच्या बांधाला पेरून.

तुमच्या पायाशी,
वत्सला