राहिलेला नारळ

अहो,

गाडी मी नेली हाय, शोधत बसू नका. संग आई हायत. आधी बीडला थोरल्या भावजींच्या घरी जाणार अन् त्यांना घेऊन लिंबागणेशला, गणपतीपुढं गाडीची पूजा करायला.

नव्या गाडीचा नारळ घरातल्या थोरल्यानंच फोडायचा, ही तुमच्याच घरची रीत. ट्रॅक्टरच्या वेळी तुमी भावजींची वाट न बघता स्वतःच फोडला. तवापासून त्यांनी आपला उंबरा चढला न्हाई. आता ही गाडी चार महिने ताडपत्रीखाली हाय, अन् तुमी नारळाला हात लावंनात. म्हणजे चूक कळली हाय, तोंडानं म्हणवंना एवढंच.

माझ्या गाडी चालवण्याचा घोर लावून घेऊ नका. लायसन माझ्याकडं हाय. आई वडवणीपर्यंत डोळे मिटून बसणार हायत, तसं त्यांनी आधीच सांगितलंय.

भाकरी टोपल्यात हाय. म्हशीला पाणी दावून दहाची एसटी धरा. तुमी आल्याबिगर आमी बीडातून हलणार न्हाई.

नारळ दोन घेतलेत. गाडीचा मी देते भावजींना. दुसरा ट्रॅक्टरचा हाय, तो तुमच्या हातानं द्यायचा.

अंजू