पाठराखीण, अंक दुसरा

४ नोव्हेंबर, नवीन पनवेल

मी, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दबावाला बळी न पडता, या इमारतीच्या लिफ्टविरुद्ध तक्रार नोंदवत आहे. दार जरा उघडं राहिलं की आतली बाई हिंदीतून ते बंद करायची विनंती करत सुटते. दोन पेट्या, एक गादी आणि पुस्तकांची गोणी चढवेपर्यंत ती इतकी बोलली, की चौथ्या मजल्यावर उतरताना आमच्या लग्नाला वीस वर्षं झाल्यासारखं वाटलं.

बाकी जागा झकास. पंखा कुरकुरत नाही, खिडकीत भरपूर आभाळ, भाडं शून्य, कारण फ्लॅट नव्या मालकाचा. वर्तमानपत्रानं माझं विनोदी सदर बंद करून ती जागा गुडघेदुखीच्या तेलाला दिली, तेव्हापासून मला फुकट काही मिळालं नव्हतं. तेल निदान कुणाला तरी लागतं, असं संपादक म्हणाला. बरोबरच आहे.

आता मी चित्रकथा लिहिणार. 'पाठराखीण' ही मालिका वाहिनीनं ऐन वेळी गुंडाळली. विहिरीत जीव दिलेली आत्या, घरात येणाऱ्या प्रत्येक सुनेबरोबर पाठराखीण होऊन पुन्हा येते, अशी ती गोष्ट. शेवटच्या भागात सगळं घर विहिरीच्या काठावर, पाण्यातून एक हात वर, आणि सोमवारपासून पाककृतींची स्पर्धा. पुढचं आम्ही कागदावर आणायचं.

७ नोव्हेंबर

आज कळंबोलीला लोखंड बाजारात गेलो. दोन्ही बाजूंना सळयांचे ढीग, मध्ये आमचा छापखाना. मालक भगवानशेठ. गावाकडची जमीन गेली, पैसा आला. इतरांनी गाड्या घेतल्या, यांनी छपाईचं यंत्र घेतलं. कारण त्यांची आई. तिनं मालिकेचा एकही भाग चुकवला नव्हता आणि शेवट न बघता गेली. शेठनी मला चहा पाजून सांगितलं, की सर, शेवट पायजे म्हंजे पायजे. तुमी सगल्यांना मारा, माजी काय ना नाय, पन नीट मारा, आयेला पटला पायजे.

चित्रकार निकेश. चाळिशीचा, मूळचा पेणचा, गणपतींचे डोळे रंगवण्यात अर्धं आयुष्य गेलेलं. माणसाचं चित्रही तो तसंच करतो, डोळे शेवटी. मालिकेतल्या नटांचे फोटो समोर ठेवून काढलेले चेहरे बघून मला माझ्या पासपोर्टच्या फोटोची लाज वाटली.

११ नोव्हेंबर

खालच्या मजल्यावर खुद्द पाठराखीण राहते, म्हणजे मालिकेत ते काम करणारी नटी. शोशाना पेणकर. बेने इस्राएली, सत्तरी पार, मुलगा एयाल तिकडे इस्राएलात, या इथेच. दाराच्या चौकटीवर मेझुझा, म्हणजे धर्मवचनाची डबी, आत मालिकेतलं नऊवारी घडी घालून ठेवलेलं. चेहरा वापरायची परवानगी त्यांनी आनंदानं दिलीय. मला 'काय लेखक' अशी हाक मारतात. त्या शब्दात टोमणा आहे की माया, ते अजून कळलेलं नाही.

आज म्हणाल्या, की मेल्याचा प्रसंग चित्रित झाला की नटानं लगेच उठून कॅमेऱ्याकडे बघून हसायचं असतं. ते हसणं कुणी दाखवत नाही, पण घेतात. नाहीतर ते मरण अंगावर राहतं. विहिरीचा प्रसंग झाला तेव्हा थंडीनं दात वाजत होते, तरी दिग्दर्शकानं यांना हसवूनच बाहेर काढलं. तेव्हा तुमच्या चित्रांतही मेलेल्याची एक हसरी चौकट ठेवा, म्हणाल्या.

मी म्हटलं, बाई, कागद महाग झालाय. मेलेल्यांनी हसायला लागायचं तर आमच्या धंद्याचं काय.

त्या हसल्या. मग म्हणाल्या, ठेवा हं.

ठेवली नाही.

२५ नोव्हेंबर

पहिला अंक शनिवारी छापून आला. त्यात मी सासऱ्याला मारलं: जिन्यावर, डोकं खाली, उजवा पाय कठड्यात. हे काम मालिकेत काशीराम भोपी करायचे. राहतात जासईला.

शनिवारीच ते घरच्या जिन्यावर पडलेले सापडले. डोकं खाली, उजवा पाय कठड्यात. उचलून खाटेवर ठेवलं तरी अंग तसंच वाकडं. डॉक्टर म्हणतात, सगळे रिपोर्ट चांगले. बघून आलो. त्यांच्या सुनेनं विचारलं, तुमीच लिवता ना ता. मी हो म्हटलं. बाहेर कंटेनरचे ट्रक ओळीनं उभे होते. निकेश बरोबर होता, तो म्हणाला, पायाचा अंगठासुद्धा तसाच आहे सर.

मी म्हटलं, एवढी निष्ठा नटांत हल्ली राहिली नाही. कुणी हसलं नाही.

२ डिसेंबर

काशीराम गेले. शेवटपर्यंत चेहऱ्यावर काही हललं नाही.

मला वाईट वाटायला हवं होतं. वाट बघितली. वाटलं नाही. दाढ काढायच्या आधी सुई देतात, तसं.

दुसऱ्या अंकात पाठराखीण मरते. भुताला परत मारलं म्हणून मी स्वतःवर खूश होतो. पाण्यात उताणी, केस मोकळे, डावा हात मानेवर. भगवानशेठला फोन केला, छपाई थांबवा. म्हणाले, सर, सकालीच छापला. लय भारी मेलीय.

३ डिसेंबर

दार उघडंच होतं. शोशानाबाई पलंगावर उताण्या. डावा हात मानेवर. श्वास चालू.

केस ओले. पुसले, पुन्हा ओले झाले. उशीतून पाणी फरशीवर ठिबकतं. विहिरीचा वास येतो. शेवाळ्याचा.

एयालला फोनवर सांगितलं. विमान मिळायला वेळ लागेल म्हणाला. डॉक्टर म्हणाले, रिपोर्ट चांगले.

काशीरामना आठ-दहा दिवस मिळाले होते.

४ डिसेंबर

निकेशनं हसरी चौकट काढली. डोळे शेवटी. सुंदर हसल्या चित्रात. शेठनी काही न विचारता एक पान छापलं. बाईंच्या तोंडासमोर धरलं.

शाई हसली. बाई नाही.

निकेश म्हणाला, हसायचं त्यांनी असतं सर. आपण त्यांच्या वतीनं हसून काय उपयोग.

५ डिसेंबर

म्हणजे हसवायला हवं. आणि हसवणं हा माझा व्यवसाय आहे. होता.

माझी सदरं वाचून दाखवली. नगरसेवकावरचं. साहित्य संमेलनाच्या जेवणावरचं—त्यावर लोकांनी पत्रं पाठवली होती. सगळी वाचली. चहा करून प्यायलो, पुढची वाचली.

पाणी ठिबकत राहिलं.

सगळ्यांत कुणाला तरी टोचलेलं. मी स्वतः कुठंच नाही.

६ डिसेंबर

त्यांचं नऊवारी काढलं. मी नेसलो. कासोटा तीनदा सुटला. नथ अडकवली—मिशीवर. केस नाहीत म्हणून डोक्याला काळी ओढणी. मग निकेशपुढं जमिनीवर उताणा पडलो, डावा हात मानेवर, पोट वर.

निकेश काढेना. म्हणाला, सर, हे मरणाचंच चित्र आहे. तुमचं होईल.

मी म्हटलं, होऊ दे. छापून झालं की मी लगेच हसेन. मला काय अवघड आहे.

त्यानं चित्र काढलं. डोळे शेवटी.

७ डिसेंबर

छापलेलं पान बाईंसमोर धरलं. बराच वेळ काही नाही. मग ओठाचा कोपरा. मग पोट हललं—मग अख्ख्या हसल्या, खोकत, हात मानेवरून सुटला, डोळ्यांत पाणी. साधं पाणी. माझ्याकडे बघून म्हणाल्या, काय लेखक, विहीर ओसंडली असेल.

केस कोरडे.

मी वर आलो. आरशासमोर बसलो. हसायला.

तोंड पसरलं, दात दिसले. पण ते दात दाखवणं झालं.

८ डिसेंबर

बोटं जड. लिहायला—

काही दुखत नाही. भीती वाटत असावी. नक्की सांगता येत नाही.

निकेश नकला करून गेला. भगवानशेठ आले, आईच्या गोष्टी सांगितल्या, स्वतःच हसले, मग माझ्याकडे बघून थांबले. शोशानाबाई दुपारभर बसल्या. विनोद चांगले होते. त्यांना तसं सांगितलं. त्या रडल्या.

विनोद कळतो. कुठं हसायचं तेही कळतं. तिथं पोचलो की—

उशी ओली आहे.

९ डिसेंबर

उताणं पडावंसं वाटतं. डावा हात आपोआप—

एकदा उठलो. शोशानाबाई गच्चीवर एयालशी फोनवर बोलत होत्या, दार उघडं. इतके दिवस त्यांच्याकडे बसून त्यांचीच साखर चहात घालून प्यायलो, डबा खडखडीत झालेला. खालच्या दुकानातून किलोभर आणली. भरली. ओट्यावर सांडलेली पुसून घेतली. त्यांना कळणारही नाही. झाकण घट्ट लावलं, मुंग्या येऊ नयेत म्हणून आत दोन लवंगा टाकल्या आणि डावा हात—