हार घातलेले मामा

तीर्थस्वरूप धर्माजीमामांना मुरुडहून शकूचा वाकून नमस्कार. तब्येत कशी आहे? दरवेळी रीत म्हणून विचारते, यावेळी खरंच विचारते आहे. गोदूमामींचं कुंकू जागच्या जागी आहे ना? (कारण पुढे येतंच आहे. आधी बसून घ्या.)

काल लेकीला, नूतनला, रत्नागिरीच्या गाडीत बसवायला तुमच्या जुन्या स्टेशनावर गेले. तुम्ही नोकरीभर जिथे हिरवं निशाण हलवलंत तिथे आता सरकता जिना आहे (सरकत नाही, माणसं धापा टाकत चढतात), थंड पाण्याचं यंत्र आहे (आवाज मोठा, पाणी कोमट) आणि प्रतीक्षागृहाच्या भिंतीवर चौकटी करून स्टेशनाचा इतिहास टांगलाय. पहिलं इंजिन, पहिली तिकीटखिडकी आणि शेजारी तुम्ही! टोपी, मिशा, काखेत निशाण. गळ्यात चंदनाचा हार, खाली उदबत्ती.

मामा, माझ्या हातून डबा सुटला. नूतनचे घावणे फरशीभर झाले. झाडूवाल्या कोकिळाबाई धावत आल्या. मला वाटलं, घावण्यांसाठी. तर म्हणाल्या, "बाई, आधी चपला काढा. मास्तरबाबांपुढं असं उभं ऱ्हायचं न्हाय."

"अहो, मास्तर जिवंत आहेत! किहीमला माडांना पाणी घालतायत!"

"व्हय बाई," माझ्या पाठीवरून हात फिरवत त्या म्हणाल्या, "जवळचं माणूस गेलं की मन मानत न्हाय."

चौकशीअंती कळलं ते असं. उद्घाटनाला मान म्हणून सगळ्याच चौकटींना हार घातले (इंजिनालासुद्धा). झेंडूचे सुकले, काढून टाकले. तुमच्या वाट्याला चंदनाचा आला, तो कसला सुकतोय! हार राहिला म्हणून उदबत्ती आली, उदबत्ती आली म्हणून लोक हात जोडू लागले. आता गाडी वेळेवर यावी म्हणून तुम्हाला नवस बोलतात. तुम्हाला! तुमच्या हातून वेळेवर सुटलेली गाडी मी तरी पाहिलेली नाही.

तशीच तणतणत आताच्या स्टेशनमास्तर साहेबांच्या खोलीत शिरले. हार उतरवा म्हणून खडसावणार, तोच त्यांनी खुर्ची दिली, पंखा माझ्याकडे वळवला, चहा मागवला आणि तुमच्या आठवणीने चष्मा पुसायला घेतला. इतक्या दुःखी माणसाला आणखी कसं दुखवायचं?

प्रकृतीला जपा. तुम्ही आहात हाच आम्हाला आधार.

तुमची भाची,
शकू

ता. क. येत्या रविवारी स्टेशनाचा वाढदिवस. तुमच्या वारसाचा सत्कार आहे. शाल, श्रीफळ, पहिल्या रांगेत खुर्ची. नाव माझं दिलंय. तेवढा रविवार किहीम सोडू नका. सोमवारी तुम्हाला जिवंत करून घेते.

आणखी एक. काचेच्या पेटीत ठेवायला तुमची शिट्टी आणि निशाण हवंय. मामींनी निशाणाचं फडकं केलं असेल तर धुऊन पाठवा.

शेवटचं. श्रद्धांजलीचं भाषण तुम्हीच लिहून द्या. तुमच्याविषयी सलग पाच मिनिटं चांगलं बोलेल असं आपल्या नात्यात दुसरं कोणी नाही.