आतल्या चौकातली खोली

आप्पा,

काल दुपारपासून झड लागली आहे आणि मी पुन्हा छताकडं बघत बसले आहे. लेकीचं घर स्लॅबचं, गळायचं काही कारण नाही. ती हसते, म्हणते, "आई, तुला कसली एवढी धास्ती?" मी काही सांगत नाही. तुम्ही गेलात तेव्हा जेवढे होतात त्याहून मी आता वयानं मोठी आहे, तरी हे बोलायचं म्हटलं की तुमच्याशिवाय दुसरं कुणी सुचत नाही.

उमरग्याकडच्या त्या मठात तुम्ही कारभारी होतात. निजामी गेली, मग हैदराबाद राज्यही गेलं आणि आपण मुंबईला जोडले गेलो, पण मठात काही हललं नव्हतं. बाहेरच्या चौकात वाटसरू, त्यांची बैलं आणि आपण दोघं. मधल्या चौकात चारी बाजूंनी कमानींच्या ओवऱ्या, त्यांच्यामागं गोसाव्यांच्या अंधाऱ्या खोल्या. सगळ्यात आत गुरूंची समाधी आणि तिला लागून महाराजांची खोली. आई गेल्यावर तुम्ही मला हाताला धरून त्या ओवऱ्यांतून फिरवायचात. खोल्यांची दारं इतकी ठेंगणी का, असं विचारलं की म्हणायचात, "वाकल्याबिगर कुणी आत जाऊ नये म्हणून." आपल्या खोल्यांवर मातीचं माळवद होतं, दर उन्हाळ्यात तुम्ही त्यावर पांढरी माती टाकून घ्यायचात. आतली खोली मात्र चुन्यात बांधलेली, वर दगडी घुमट, भिंती दोन हात जाड. "आत कुणी ओरडलं तरी हितं ऐकू येत न्हाय," हे तुम्ही असं सांगायचात, जणू ती भिंत तुम्हीच रचली होती.

आणि मठाच्या आवारात बाळंतपण होत नाही, हेही तुम्हीच सांगितलं होतं. म्हणून मी पहिलटकरीण माहेरी आले तेव्हा ठरलं होतं की दिवस भरत आले की मला उमरग्याला मावशीकडं पोचवायचं. पण भादव्यात झड लागली, ओढ्याला पूर आला, उमरग्याची वाट तुटली, आणि कळा आधीच सुरू झाल्या.

सकाळ होती. माळवद ठिकठिकाणी गळत होतं. तुम्ही माझी बाज या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात सरकवत होतात, आणि मी कण्हले की "हळू, हळू" म्हणत दाराकडं बघत होतात. तेव्हा मला तुमचा राग आला होता. मी मरायला टेकले होते आणि तुम्हाला गोसाव्यांच्या कानांची काळजी! ओढ्याच्या अलीकडं राहणारी सुईण भिजत आली. तिच्या स्वतःच्या घरात गुडघाभर पाणी होतं. तिनं माझ्या पोटावर हात ठेवला आणि तुम्हाला म्हणाली, "कारभारी, पोर आडवं हाय. फिरवाया लागंल. पर वरून समदी माती गळाय लागलीय, हितं म्या हात लावणार न्हाय. कोरडी जागा दावा."

तेवढ्यात तुळईखालची माती धपकन माझ्या पायाशी पडली. तुम्ही मला उचललंत. मधला चौक तुम्ही पावसातून धावतच ओलांडलात. ओवरीतले गोसावी उठून उभे राहिले. महाराजांच्या दारात तुम्ही थांबलात. त्यांचं चातुर्मासाचं मौन होतं. तुम्ही एवढंच म्हणालात, "महाराज, लेक अडलीय."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग उठले, घोंगडी खांद्यावर टाकली, कमंडलू घेतला आणि त्या ठेंगण्या दारातून वाकून बाहेर पडले. थेट मठाच्या बाहेरच्या दरवाजाच्या देवडीत जाऊन बसले, वाटसरूंच्या बैलांजवळ. मी दुपारपर्यंत त्या घुमटाखाली किंचाळले. लेक निळी पडून आली, मग रडली.

पूर ओसरल्यावर मठाचे पंच आले, समाधीसमोर बसले. मी ओवरीच्या खांबाआड बाळाला घेऊन बसले होते. महाराज समोर होते. थोरले पंच म्हणाले, "समाधीशेजारी विटाळ! कुणाच्या हुकमानं?" महाराजांनी मान वर केली. त्यांचे ओठ उघडलेले मी पाहिले, आप्पा. मौन मोडणारच होते. त्याआधी तुम्ही घाईनं बोललात, "कुणाच्याच न्हाय. महाराज देवडीत बसले व्हते. मी खोली उघडली." उघड्या अंगाला चटका बसावा तसे महाराज दचकले.

पंचांनी कारभार काढून घेतला आणि चार दिवसांत आपण लोहाऱ्याला आलो. पत्र्याची एक खोली, आणि तुम्ही भुसाराच्या दुकानात कारकून. कार्तिकात मौन सुटल्यावर महाराज चालत आले, उंबऱ्यावर बसले आणि नातीला मांडीवर घेतलं. "चला परत. मी सांगतो पंचांना," ते म्हणाले.

"तुम्ही सांगितलं तर मी समाधीसमोर खोटं बोललो असं व्हईल," तुम्ही म्हणालात. "ऱ्हाऊ द्या, महाराज. तुमचं मौन ऱ्हायलं, माझी लेक ऱ्हायली. आणखी काय पाहिजे?"

ते गेल्यावर तुम्ही मला बजावलंत, कुणी विचारलं तर खोली आप्पांनीच उघडली म्हणायचं. मी तसंच म्हणत राहिले. सासरी, लग्नकार्यात, तुमच्याबद्दल कुणी वाकडं बोललं तरी. दर वेळी वाटायचं, आता तोंडातून खरं निघणार.

हे पत्र कुठं टाकायचं आहे थोडंच. लेक चहाला हाक मारते आहे, ती यायच्या आत फाडून टाकीन. पण एक लिहिते. तुम्ही गेलात त्या दिवशी सगळे म्हणाले, पोरगी दगडासारखी बसलीय, रडत नाही. मी दगडासारखी नव्हते बसले, आप्पा. मला आधी हायसं वाटलं होतं, की आता ती खोली कुणी उघडली हे कुणी मला विचारणार नाही.