रेमीच्या कानातला आन्द्रे

२४ जानेवारी, शुक्रवार

आज पुन्हा! मी रेडिओवर विचारलं, टायर कसे वाटतायत? रेमी म्हणाला, "हो आन्द्रे, कळलं."

मी प्रज्वल. आणि मी विचारलं त्याचं हे उत्तरही नव्हे.

मागच्या शुक्रवारी वाटलं, बोलण्याच्या भरात चुकला असेल. आज सरावभर तेच. मध्ये तर मी गप्प होतो—आणि तो भर वेगात कुणाला तरी "हो, हो" म्हणत होता. अंगावर सरसरून काटा आला. हेडफोन काढून ठेवला. मग पुन्हा घातला, कारण माझं कामच ते. शर्यतीच्या गाडीतल्या माणसाच्या कानात बोलायचं.

२५ जानेवारी

सकाळभर रेमी वोसेलच्या जुन्या शर्यती बघत बसलो. माझी बायको श्वेता वैतागली. आठवडाभर रिफायनरीची नोकरी, शुक्रवारी ट्रॅक, आणि आता शनिवारीही तो फ्रेंच माणूस का? बरोबर आहे तिचं.

पण काय चालवायचा! बापाचं गॅरेज, विशीच्या आत फ्रान्समध्ये पहिला, चोवीस तासांची शर्यत दोनदा जिंकलेली. प्रत्येक फोटोत शेजारी तोच टकला माणूस, गळ्यात हेडफोन. आन्द्रे. त्याचा इंजिनिअर. मी आज जे करतो ते तो वर्षानुवर्षं करत होता.

मग ती शर्यत. रेमी पुढे होता, कानात आन्द्रे. टायर फुटला, गाडी भिंतीवर. कंबर मोडली. त्यानंतर लहान टीम, मग आणखी लहान, आणि आता पन्नाशीला टेकलेला हा माणूस कुवेतमध्ये कुणाच्या तरी हौसेची गाडी पळवतो.

आन्द्रेचं पुढे काय झालं तेही शोधलं. तीन वर्षांपूर्वी गेला. झोपेतच.

लिहून पुन्हा वाचलं. भीती काही कमी झाली नाही.

३१ जानेवारी, शुक्रवार

शेवटी विचारलंच. गॅरेजमागे चहा घेत होतो. वाटलं, चिडेल. चिडला नाही. म्हणाला, हेल्मेट घातलं की तो सुरू होतो, काढलं की थांबतो. काय बोलतो, हे मात्र सांगितलं नाही.

मग म्हणाला, "अफताबला सांगू नकोस. ही गाडी गेली तर मी कुणीच नाही."

अफताबभाई आमचे मॅनेजर, हैदराबादचे. त्यांना कळलं तर रेमीला त्याच क्षणी उतरवतील. उतरवायलाच हवं! आणि मी सांगितलं नाही. दया आली म्हणून? की इतकं सुंदर चालवताना बघायला मिळतं म्हणून? माझं मलाच कळत नाही. शर्यत पुढच्या शुक्रवारी आहे.

६ फेब्रुवारी, गुरुवार

जयरामनं देवाला गाऱ्हाणं घातलं. हा आमचा टायरवाला, कुडाळकडचा. शर्यतीच्या आदल्या दिवशी गाडीपुढे नारळ ठेवल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. आम्ही सगळे टोप्या काढून उभे. अफताबभाईंनाही आता सवय झाली आहे, शब्द कळत नसले तरी.

"बा देवा म्हाराजा, आमच्या रेमीसायबाक सांभाळ! आणि त्येच्या आन्द्रेक कायम त्येच्या जवळच ऱ्हवांदे, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" माझ्याही तोंडून निघून गेलं.

जयरामला बाजूला घेतलं. बिचारा सरावाला माझ्या शेजारी उभा राहून रेडिओवर नाव ऐकतो, त्याला वाटलं असेल कुणी फ्रान्सचा मोठा साहेब. मेलेला आहे म्हटल्यावर मटकन टायरवरच बसला. "माका काय म्हायत? आता घातलेला गाऱ्हाणा परत कसा घेवचा?"

मला काय विचारतोस, बाबा!

७ फेब्रुवारी, शुक्रवार

घरी आलो तो थेट वहीच उघडली.

शर्यत निम्मी झाली होती. स्क्रीनवर मागच्या डाव्या टायरची हवा उतरताना दिसली. सांगितलं, रेमी, टायर बदलायला आत ये. "हो आन्द्रे, कळलं." आणि सरळ पुढे निघून गेला! पुन्हा ओरडलो. पुन्हा तेच शांत उत्तर. अफताबभाई माझ्या खांद्याला धरून हलवत होते. जयराम नवा टायर घेऊन उभा, आणि नजर माझ्यावर. त्याच्या आणि माझ्या डोक्यात कालचं गाऱ्हाणंच.

पुढच्या सरळ पट्ट्यावर तो टायर फुटणार, हे मला दिसत होतं.

मग मी ते केलं. मेलेल्याच्या नावानं हाक मारू नये, हे लहानपणापासून ऐकलेलं. तरी बटण दाबलं आणि जड आवाजात म्हणालो, "रेमी. आन्द्रे बोलतोय. आत ये."

रेडिओवर काहीच नाही. मग गाडी हळू झाली आणि आत वळली.

टायर आतून फाटला होता. जयरामनं फटीत बोट घालून दाखवलं. रेमी हेल्मेटच्या काचेतून माझ्याकडे बघत होता. नवा टायर लागला, गेला, शर्यत पुरी केली. सातवा. जिवंत.

८ फेब्रुवारी

अफताबभाईंना सगळं सांगितलं. रेमीला उतरवलं. तो वाद न घालता हेल्मेट घेऊन गेला, माझ्याकडे न बघता.

जीव वाचवला म्हणतात सगळे. मला मात्र वाटतं, मी त्याला फसवून मारलं. त्याचा सगळ्यात जवळचा माणूस बनून! दिवसभर मंगफमधल्या आमच्या घरात बसून आहे. कुणी हाक मारली तरी दचकतो.

१० फेब्रुवारी

रेमीला विमानतळावर सोडायला गेलो, त्यानंच बोलावलं होतं. माफी मागितली. त्यानं मध्येच थांबवलं.

"तो तू होतास, मला माहीत होतं. आन्द्रेनं मला कधीच आत बोलावलं नाही. भिंतीवर आदळलो त्या दिवशीसुद्धा."